कॅचरची पारख

चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट संकुलातून उत्तरेकडे निघणाऱ्या उपनगरी गाड्यांपैकी बहुतेकींचा प्रवास जेथे संपतो, आणि जेथून आंध्राची हद्द इतकी जवळ आहे की बाजारात भाजीचा भाव तमिळ आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांतून सांगितला जातो, त्या गुम्मिडिपूंडीत माझे यजमान गेली अकरा वर्षे सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात गुणनियंत्रणाचे काम पाहत आहेत. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व आप्पा म्हणतो, जळगाव जिल्ह्यात बत्तीस वर्षे क्रीडाशिक्षक होते. शाळेच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा स्वतः आखून त्यांनी मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवले, आणि काही वर्षे निवड समित्यांवरही काम केले. पोंगलच्या सुटीत ते आमच्याकडे आले असता एक प्रश्न आमच्या दाराशी आला, आणि त्यावर सासरे-जावयांचे तीन दिवस जे बोलणे झाले ते मला जसे आठवते तसे मी येथे उतरवीत आहे.

प्रश्न घेऊन आले ते बाजारपेठेतील एक गलाईवाले. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या कोरडवाहू मुलखातून बाहेर पडून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यावर देशभर पसरलेली जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी त्यांचे एक. आजोबांच्या वेळेपासून तमिळ देशात राहिलेले, पण घरात अजून गावाकडचीच बोली बोलणारे. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर होता. "आप्पासाहेब," चहाचा पेला हातात तसाच धरून ते म्हणाले, "कोच म्हणत्यात पोरगं लई पुढं जाईल. पुढं म्हंजे कुठं, तेवढं तुम्ही बघून सांगा. आपल्या भाषेत सांगणारं हितं दुसरं कोण न्हाई."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक असे सांगितले की पुष्कळसे कळते, आणि ते काही अंशी खरेही आहे. याच चेन्नईत, चेपॉकच्या मैदानावर, १९८८ च्या जानेवारीत नरेंद्र हिरवाणीने पदार्पणाच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे १६ गडी बाद केले, तेव्हा यष्टीमागे बडोद्याचा किरण मोरे बसला होता आणि त्या एका सामन्यात त्याने सहा फलंदाजांना यष्टिचीत केले होते. हिरवाणीचे १६ सर्वांना पाठ आहेत, मोऱ्यांचे ६ आठवणारे आप्पांसारखे थोडे. परंतु कॅचरचे काम त्याहून पुढे जाते. कोणता चेंडू टाकायचा हे तो बोटांच्या खुणेने पिचरला सुचवतो, धावणारा बेस चोरू लागला तर बसल्या जागेवरून उसळून चेंडू सेकंड बेसवर फेकतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे आठही सहकारी ज्या दिशेला तोंड करून उभे असतात त्याच्या उलट दिशेला तोंड करून बसलेला तो एकटाच असतो, म्हणून सगळे मैदान एका दृष्टिक्षेपात दिसते ते त्यालाच.

पहिल्या संध्याकाळी आम्ही शाळेच्या पटांगणावर गेलो. यजमानांनी तिपाईवर मोबाइल लावून, सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या वेगाने, मुलाचे नऊ थ्रो टिपले. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर वही उघडून त्यांनी हिशोब मांडला.

"आप्पा, होम प्लेटपासून सेकंड बेस ३८.८ मीटर. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हजला लागल्यापासून तिकडच्या खेळाडूच्या ग्लोव्हजमध्ये पडेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये तो सरासरीनं दोन सेकंदांच्या आसपास असतो, १.९ म्हणजे उत्तम. आपल्या मुलाची सरासरी २.१६ आली, म्हणजे ५१८ चित्रं. त्यातलं ०.८६ ग्लोव्हजमधून चेंडू काढून हात सुटेपर्यंत गेलं आणि १.३० चेंडू हवेत होता. हवेतला वेळ वाढत्या वयाबरोबर कमी होईल, काढण्याचा वेळ सरावानं कमी होईल. पण मला सर्वांत आवडलं ते हे, की नऊ थ्रोंमध्ये सर्वांत जलद २.११ आणि सर्वांत संथ २.२१. सरासरी कोणीही एखाद्या दिवशी गाठतो, फैलाव कमी असणं ही खरी गुणवत्ता."

आप्पांनी वही हातात घेऊन शांतपणे वाचली. आकड्यांचा त्यांना तिटकारा नाही; आयुष्यभर त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच होते. पण ते म्हणाले, "जावईबापू, बेसची चोरी कॅचरच्या हातून होत नाही, पिचरच्या पायातून होते. पिचरनं पाय उचलल्यापासून चेंडू प्लेटवर यायला दीड सेकंद लागला, तर धावणारा बराच पुढं पोचलेला असतो. मग कॅचरचा हात कसाही असो. १९०७ साली न्यूयॉर्कच्या एका कॅचरवर एका सामन्यात तेरा बेस चोरले गेले. हात दुखावलेला होता, तरी उभा केला. त्या दिवशी तुमची वही असती तर त्यात काय लिहिलं असतं?"

"हा कॅचर कामाचा नाही, असं."

"आणि ते बरोबरच ठरलं असतं. पण त्या माणसाचं नाव ब्रँच रिकी. पुढं खेळाडू पारखण्याची आणि लहान संघांत वाढवण्याची सगळी पद्धत त्यानं उभी केली, आणि १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून गोऱ्यांच्या लीगचं दार काळ्या माणसाला उघडलं. कॅचर म्हणून पडला, पण प्लेटमागं बसून खेळ पाहण्याची दृष्टी त्याला तिथंच आली असं मला नेहमी वाटतं."

यजमान हसले, आणि मला जाणवले की हा दाखला त्यांना ठाऊक होता व ते त्याची वाटच पाहत होते. "त्याच रिकीची दृष्टी सांगू का? सेंट लुईसमध्ये एकाच रस्त्यावर राहणारे दोन तरुण कॅचर होते. एक जो गॅराजिओला, त्याला रिकीच्या संघानं ५०० डॉलर दिले. दुसरा बुटका, बेढब, त्याला २५० देऊ केले. तो रागावून निघून गेला. तो योगी बेरा. तीनदा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, दहा जागतिक विजेतेपदं. आप्पा, डोळा शरीरावर भाळतो. उंच, रुंद खांद्यांचा मुलगा दिसला की पारखणाऱ्याच्या मनात सगळे गुण त्याला आपोआप चिकटतात. कारखान्यात मी रोज पाहतो, जुना कारागीर लोखंडाचा बार हातानं चाचपून म्हणतो, उत्तम आहे. गेज लावला की मापात बसत नाही. कारागीर खोटं बोलत नसतो, पण त्याला चकाकी दिसते. आणि दुसरं असं, की डोळ्यापुढं यायला शिफारस लागते. घड्याळापुढं यायला काही लागत नाही."

हे शेवटचे वाक्य त्यांनी ज्या कळकळीने उच्चारले त्यामागे त्यांचे स्वतःचे बालपण होते, हे मला माहीत होते. आप्पांनाही माहीत होते. २००८ सालच्या एका स्पर्धेची गोष्ट यजमानांनी मग तपशीलवार सांगितली: जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन एजंटाने भारतभर वेगमापक यंत्रे लावून जो सर्वांत जोरात आणि अचूक चेंडू फेकेल त्याला बक्षीस लावले. लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेक शिकणारे, उत्तर प्रदेशातील साध्या घरांतले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून वर आले. दोघांनी तोपर्यंत बेसबॉलचा चेंडू हाती धरलेला नव्हता. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांना करारबद्ध केले. पुढे २०१४ साली यावर डिस्ने कंपनीने चित्रपट काढला आणि त्याचे संगीत चेन्नईच्याच ए. आर. रहमान यांनी दिले.

"कोणा पारख्याच्या डोळ्याला ते दोघे दिसले असते, आप्पा? त्यांच्या गावात पारख्या जाणार होता का?"

"दिसले नसते, आणि यंत्रानं शोधले याबद्दल यंत्राला नमस्कार," आप्पा म्हणाले. "पण यंत्रानं दोन हात शोधले, जावईबापू, दोन बेसबॉलपटू नव्हेत. दिनेशला २०१० च्या अखेरीस संघानं मोकळं केलं. रिंकू चिकाटीचा, अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यात विजय मिळवणारा पहिला भारतीय ठरला, पण मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही, कारण वीस वर्षांच्या वयात त्याला खेळाची बाराखडी गिरवावी लागली. आणि ते दोघे पिचर. पिचरच्या हातातला जोर मोजता येतो. कॅचर वेगमापक लावून शोधा पाहू! त्याचं मोल दुसऱ्याच्या खेळात उतरतं. तो चांगला असला की पिचर चांगला दिसतो."

यावर यजमानांनी जे सांगितले ते मला फार विचार करण्यासारखे वाटले. ते म्हणाले की कडेला पडलेला चेंडू हळुवार हाताने झेलून पंचाला तो स्ट्राइक वाटावा असे करण्याची जी कॅचरची कला, तिला जुने पारखी 'मऊ हात' म्हणून गौरवीत असत, पण तिचे सामन्याच्या निकालात वजन किती हे शंभर वर्षांत एकालाही सांगता आले नव्हते. चेंडूची जागा टिपणारी यंत्रे आल्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत आकडेवाल्यांनी ते मोजले आणि फटकेबाजीत दुबळे म्हणून हिणवले गेलेले कित्येक कॅचर एकाएकी मौल्यवान ठरले. डोळ्याने जे पाहिले होते त्याला न्याय मिळवून दिला तो आकड्याने.

"खरं आहे," आप्पा म्हणाले, "आणि आता २०२६ पासून पंचाच्या निर्णयाला आव्हान दिलं की यंत्र फैसला करणार, असा नियम अमेरिकेत मंजूर झाला आहे. म्हणजे पंचाला फसवण्याची कला स्वस्त झाली, आणि कोणत्या चेंडूला आव्हान द्यायचं हे क्षणात ओळखण्याची बुद्धी महाग. हा मुलगा आज सोळाचा आहे. तो बावीसचा होईल तेव्हा नियम काय असतील, कशाला किंमत असेल? तुमच्या वहीत आजचा भाव आहे. मला सहा वर्षांनंतरचा विचारला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पटांगणावर दुसऱ्या एका शाळेशी मैत्रीचा सामना होता. रात्री अवेळी पाऊस पडून गेल्यामुळे पिचरच्या उंचवट्याची माती भिजलेली होती. पिचर होता तो लंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या येथील छावणीतला मुलगा. गुम्मिडिपूंडीची ही छावणी राज्यातील मोठ्या छावण्यांपैकी एक आहे, आणि तेथील पुष्कळ मुलांप्रमाणे त्याचाही जन्म याच भूमीवर झालेला असून नागरिकत्व मात्र त्याला नाही. काटक, लांब बोटांचा, आणि पहिल्या दोन डावांत अप्रतिम. तिसऱ्या डावात त्याचा चेंडू भरकटू लागला. एक उंच गेला, एक प्लेटच्या पुढेच मातीत आपटला. कॅचरने त्या मातीत आपटलेल्या चेंडूला झेलण्याचा प्रयत्न केला नाही. दोन्ही गुडघे टाकून, हनुवटी छातीशी घेऊन, खांदे पुढे वळवून त्याने स्वतःची भिंत केली आणि चेंडू छातीवरून त्याच्या पुढ्यातच पडला. आप्पांनी हलकेच मान हलवली. आणखी दोन चेंडू चुकले. बाहेरून कोच ओरडले, की हात वर ठेव. मग कॅचरने वेळ मागून घेतला, मुखवटा डोक्यावर सरकवला, आणि पिचरकडे जाण्याऐवजी तो मागच्या जाळीपाशी गेला. छपराखाली कोरडी राहिलेली माती तेथे होती. ती त्याने उघड्या हाताने मूठभर घेतली, काही ग्लोव्हजमध्ये भरली, ती घेऊन उंचवट्यावर गेला, आणि पिचरचा पुढचा पाय जेथे पडत होता त्या जागी पडलेल्या ओल्या खळग्यात ती ओतून बुटाच्या टाचेने दाबली. बोलला एकही शब्द नाही. परत येऊन बसला. पुढचा चेंडू सरळ आला.

सामन्यानंतर आप्पांनी त्याला जवळ बोलावून विचारले, की पाय घसरतो आहे हे तुला केव्हा कळले. तो म्हणाला, "चौथा चेंडू उंच गेला तवा. हात बरोबर हुता, पण सोडताना त्याचं डोस्कं डावीकडं जात हुतं. डोस्कं गेलं म्हंजे पाय गेला." आणि मग, थोडे लाजून, "कोच हात म्हणत हुते, म्हणून मी त्याला काय बोललो न्हाई. दोघांनी दोन सांगितलं की त्यो घाबरतो."

त्या रात्री बोलणे पुन्हा सुरू झाले तेव्हा मला वाटले होते की आप्पा आता आपला पक्ष जिंकल्याच्या आनंदात असतील. ते गप्प होते. उलट यजमानच उत्साहाने बोलत होते. त्यांनी सामन्याचे चित्रण पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिले होते, आणि पिचरचे डोके डावीकडे झुकू लागले ते खरोखरच त्या चौथ्या चेंडूपासून, हे त्यांनी चित्रे मोजून ताडून पाहिले होते.

"आप्पा, मला हे उघड्या डोळ्यांनी दिसलं नव्हतं. चित्र थांबवून, मागं नेऊन दिसलं. त्यानं ते जाळीच्या मुखवट्यातून, चालू खेळात पाहिलं. आता तर निःशंकपणे लिहू या, की या मुलात व्यावसायिक दर्जाची शक्यता आहे."

"तुम्ही लिहा," आप्पा म्हणाले, "माझ्या हातून ते लिहवत नाही."

आम्ही दोघेही चकित झालो. बराच वेळ गेल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी त्यांची मुलगी असूनही पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. निवड समितीवर असताना त्यांनी एका मुलाला पाहिले होते, तोही कॅचर, असाच डोळ्याचा. त्याच्या बापाला ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते की हा देशासाठी खेळेल, याला अडवू नका. मुलाने अभ्यास सोडला, तीन वेळा राष्ट्रीय स्पर्धा खेळला, आणि देशाच्या शिबिराला एका जागेने चुकला. खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात. त्याने अर्ज केला, तर क्रीडा प्रमाणपत्राच्या पडताळणीत एक कागद कमी पडला. तो कागद कोणाकडून आणायचा हे त्याला कळेना, कारण निवडीच्या यादीखाली 'निवड समिती' एवढेच छापलेले होते. माणसाचे नाव कोठेच नव्हते. आप्पांना हे समजले तेव्हा वयाची मर्यादा निघून गेली होती. "आता तो रावेरकडे केळीच्या गाड्या भरतो," आप्पा म्हणाले. "भेटला की वाकून नमस्कार करतो. त्यानं मला चार शब्द बोलायला हवे होते. माझी पारख चुकली नव्हती, जावईबापू. मुलगा तसाच होता. मी फक्त सांगून घरी गेलो."

काही वेळाने यजमान म्हणाले, "अमेरिकेतसुद्धा हेच आहे, आप्पा. १९६६ साली सगळ्या देशातून पहिला निवडला गेला तो स्टीव्ह चिलकॉट, कॅचर. खांदा दुखावला आणि मोठ्या लीगमध्ये एक सामनाही खेळला नाही. त्याच्यामागून दुसरा निवडला गेला तो रेगी जॅक्सन. आणि १९८८ साली माइक पियाझाला बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतलं, ते वडिलांचा स्नेही संघाचा व्यवस्थापक होता म्हणून. तोवर तो कॅचरही नव्हता. त्यानं पुढं ४२७ होमरन मारले. आमच्या आकडेवाल्यांचंही सांगतो. ओकलंडनं २००२ साली जेरेमी ब्राउन नावाचा कॅचर, जुने पारखी शरीरावरून नाकं मुरडत असताना, केवळ आकड्यांवरून पहिल्या फेरीत घेतला. मोठ्या लीगमध्ये पाच सामने खेळला. डोळा काय, आकडा काय, कोणी ठरवून चुकत नाही."

"पियाझाला वशिल्यानं घेतला हे खरं," आप्पा म्हणाले, "पण घेतल्यावर कॅचिंग शिकायला त्याला डोमिनिकन देशातल्या अकादमीत पाठवलं. पाठवायला अकादमी होती. आपला धोनी घ्या. २००३ साली जमशेदपूरला प्रकाश पोद्दारांना तो दिसला, ते क्रिकेट मंडळाचे गुणशोध अधिकारी होते म्हणून. ती योजना आपल्या मकरंद वायंगणकरांच्या डोक्यातली, तिचा कारभार दिलीप वेंगसरकरांकडे. नियम होता एकोणीस वर्षांचा, आणि पोरगा एकवीसचा. वेंगसरकरांनी नियम सैल केला. पुढं निवड समितीवर किरण मोरे, स्वतः यष्टिरक्षक. पोद्दारांचा डोळा मोठाच. पण त्या डोळ्यानं पाहिलेलं कागदावर उतरवून घेणारं दप्तर होतं, आणि दप्तरातला कागद वाचून आपल्या जबाबदारीवर नियम मोडणारा माणूस होता. या पोराचा कागद वाचायला कोण बसलं आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात बराच वेळ तसाच राहिला. भारतीय बेसबॉल महासंघ १९८३ पासून आहे; अमेरिकेच्या मोठ्या लीगने २०१९ साली दिल्लीत कचेरी उघडली; दुबईत निघालेल्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये 'मुंबई कोब्राज' या नावाचा संघही आहे. म्हणजे वाट मुळीच नाही असे म्हणता येत नाही. परंतु गुम्मिडिपूंडीच्या सोळा वर्षांच्या मुलापासून त्या वाटेपर्यंतचे जे अंतर आहे ते मोजणारे घड्याळ ना माझ्या यजमानांकडे होते ना आप्पांकडे, आणि आपल्याकडे गुणी मुलगा शोधून काढण्याचा आनंद जितका मनापासून साजरा होतो तितक्या मनापासून त्याच्या दुसऱ्या दिवसाची तजवीज होत नाही, ही गोष्ट मला त्या रात्री एखाद्या दुखण्यासारखी जाणवत राहिली. मलाही शाळेत कॅचर म्हणून बसवले होते. नववीत असताना एका निवड चाचणीत पाच थ्रो घेऊन 'उंची कमी' एवढ्या दोन शब्दांत मला परत पाठवले गेले. निर्णय कदाचित योग्यच असेल. पण मला आठवतात ते दोन शब्द, आणि ते लिहिणाऱ्याने मान वर करून पाहिले नव्हते, हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गलाईवाल्यांच्या दुकानी गेलो. अरुंद बोळ, आत भट्टी, कोपऱ्यात काळ्या पडलेल्या मुशी एकात एक रचलेल्या. कोणी बांगडी विकायला आणली होती. त्यांनी ती आधी काळ्या कसोटीच्या दगडावर ओढली, सोनेरी रेघेवर तेजाबाचा थेंब टाकून रेघ किती टिकते ते पाहिले, मग शेजारच्या यंत्रात ठेवून पडद्यावरचा आकडा वाचला. यजमानांनी स्वाभाविक कुतूहलाने विचारले, की यंत्र असताना दगड कशाला.

"दोन्ही वरवरचंच बघत्यात, साहेब," ते म्हणाले. "दगडावर कातडं घासतं, यंत्रबी कातडंच वाचतं. आत तांबं असलं तर दोघांस्नीबी कळत न्हाई. खरा टंच काढायचा म्हंजे तुकडा तोडून आगीत घालाया लागतो. पर तुकडा तोडला की मालकाचा माल मोडला. म्हणून आधी त्याला इचारायचं, आणि मोडल्यावर निघंल त्या भावानं आपुन घ्यायचं. न्हाईतर मोडायचा हक न्हाई आपल्याला."

आप्पा त्या वाक्याशी थबकले. मग त्यांनी मला कागद मागितला. दुकानातल्या गादीवर बसून त्यांनी सांगितले ते मी लिहून घेतले. मुलाचे वय आणि बांधा. यजमानांनी मोजलेले नऊही आकडे, सरासरीसह. मातीत पडलेला चेंडू अडवण्याची पद्धत. चेंडू काढताना उजवे कोपर खाली राहते हा दोष आणि तो घालवण्याचा रोजचा वीस मिनिटांचा सराव. आणि तिसऱ्या डावातील कोरड्या मातीची हकीकत, जशी घडली तशी, विशेषणाशिवाय. यजमानांनी सुचवले की शेवटी 'व्यावसायिक शक्यता: उत्तम' असे एक वाक्य घालावे, म्हणजे वाचणाऱ्याला निष्कर्ष मिळेल. आप्पांनी त्याऐवजी लिहविले, की मुलाने बारावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करावे, दर चार महिन्यांनी याच पद्धतीने मापे घ्यावीत, आणि प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत घेतल्याखेरीज कोणत्याही स्पर्धेवरून परत येऊ नये. त्यावर दोघांत थोडा वाद झाला. यजमानांचे म्हणणे असे, की इतके सावध पत्र वाचून दूरच्या माणसाच्या मनात काहीच हलणार नाही, आणि मुलाच्या वाट्याला आलेली एक संधी आपल्या भीतीपायी आपण बोथट करीत आहोत. मला ते म्हणणे अन्यायाचे वाटले नाही. अखेर आप्पांनी एक ओळ वाढविली: "याच्या डोळ्याचा कॅचर मी बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहिला." पहिल्याबद्दल पत्रात काही नव्हते.

"आणि पिचर?" मी विचारले.

"त्याचं वेगळं पत्र लिही," आप्पा म्हणाले. "ते कुठं पाठवायचं हे मला माहीत नाही. पण लिही."

मुलाच्या वडिलांनी कागद दोनदा वाचला. पैशाचे काय, पुढे कोठे, यांपैकी काही त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाले, "ह्याच्यात चार महिन्यांनी मापं घ्यायची म्हणलंय. ती घेणार कोण?"

"मी," यजमान म्हणाले. "दर चार महिन्यांनी, त्याच जागी, त्याच उंचीवर तिपाई लावून."

"आणि ती बघणार कोण?"

आप्पांनी कागद परत मागून घेतला, खिशातले पेन काढले, आणि सहीखाली, जेथे आयुष्यभर त्यांनी केवळ 'निवड समिती सदस्य' असे लिहिले होते, तेथे स्वतःचे संपूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि दूरध्वनी क्रमांक सावकाश अक्षरांत लिहिले. मग दुसऱ्या पत्राखालीही तेच लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत दोन्ही कागद भट्टीच्या उबेला धरून ठेवले.